तुकड्याची साक्ष

इ. स. १८८७ च्या आरंभी जर्मनीचे युवराज फ्रेडरिक यांचा आवाज बसला. प्रथम ते कोणी फारसे मनावर घेतले नाही. परंतु आठवड्यांमागून आठवडे लोटले, तरी घोगरेपणा हटेना. तपासणीअंती डाव्या स्वररज्जूवर एक लहानशी गाठ दिसून आली. प्राध्यापक गेरहार्ट यांनी तापलेल्या तारेने ती जाळून पाहिली. ती पुन्हा वाढली. तेव्हा गळा बाहेरून उघडून ती कापून काढावी, असे शल्यविशारद बेर्गमान यांचे मत पडले. त्या काळी अशी शस्त्रक्रिया प्राणावर बेतण्याचा संभव मोठा होता. मे महिन्यात लंडनचे कंठरोगतज्ज्ञ मॉरेल मॅकेंझी यांना पाचारण करण्यात आले. गाठ कर्करोगाची आहे, याला पुरावा काय, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी तोंडावाटे चिमटा घालून गाठीचा एक कण काढला आणि तो रुडॉल्फ फिरखो यांच्याकडे पाठविला.

रोगाचे मूळ शरीरातील पेशींत शोधावे, हा विचार १८५८ साली फिरखो यांनीच ठामपणे मांडला होता. तोवर अशी परीक्षा बहुधा मृत्यूनंतर होत असे. जिवंत रोग्याच्या शरीरातून तुकडा घेऊन, उपचारापूर्वीच निदान करण्याची रीत नुकतीच रुजू लागली होती. तिला ‘बायॉप्सी’ हे नाव फ्रेंच चर्मरोगतज्ज्ञ बेनिए यांनी १८७९ साली दिले. जिवंताचे दर्शन, असा त्या ग्रीक शब्दांचा अर्थ.

फिरखो यांना त्या कणात कर्करोग आढळला नाही. पुढे आणखी तुकडे गेले. निष्कर्ष तोच आला. तथापि, हाती आलेल्या तुकड्यांवरून संपूर्ण विकाराविषयी निश्चित सांगता येत नाही, हेही त्यांनी नमूद केले होते. परंतु चिंतातुर मनाला आश्वासन तेवढे ऐकू येते, अट ऐकू येत नाही. शस्त्रक्रिया रद्द झाली. युवराज्ञी ही इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची ज्येष्ठ कन्या. तिने सुटकेचा निःश्वास टाकला असल्यास नवल नाही.

नोव्हेंबरात इटलीतील सान रेमो येथे गळ्यात नवी वाढ दिसली, आणि तो कर्करोगच असल्याचे मॅकेंझी यांनाही मान्य करावे लागले. फेब्रुवारी १८८८ मध्ये श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडावे लागले, वाचा गेली. ९ मार्च रोजी पित्याच्या निधनाने फ्रेडरिक सम्राट झाले. कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून ते आपले मनोगत कळवीत. अवघ्या ९९ दिवसांनी, १५ जून रोजी, त्यांचा अंत झाला. उदारमतवादी जर्मनांच्या आशाही त्यांच्याबरोबर मावळल्या. शवपरीक्षेत कर्करोग सिद्ध झाला.

त्यानंतर जर्मन वैद्य आणि मॅकेंझी यांच्यात कटू वाद माजला. बायॉप्सीवरही दोषारोप झाले. परंतु तुकड्याने खोटी साक्ष दिली नव्हती. तो केवळ स्वतःपुरते बोलला होता. तुकडा कोठून घेतला, किती खोलवरून घेतला, रोग्याची लक्षणे त्याच्याशी जुळतात की नाही, आणि न जुळल्यास तो पुन्हा घ्यावा की काय, हे प्रश्न वैद्यकाने पुढे विचारावयास शिकले. आजही गाठीच्या अहवालाची वाट पाहणाऱ्या मनुष्याला या शिस्तीचाच आधार असतो. ‘रोग आढळला नाही’ आणि ‘रोग नाही’ या दोन वाक्यांतील अंतर एका सम्राटाच्या मृत्यूने जगाला दाखवून दिले.