इंजिनाची ऊब



बाळापूरच्या बाजारात कोणाला विचारले, "तुमच्या मोटारीला हीटर आहे का?" तर तो हसेल. वैशाखात अकोल्याकडचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा मुलखात इंजिनाची उष्णता बाहेर कशी घालवावी हीच चिंता. ती आत कशाला आणायची? पण राजेहो, पौषात संत्र्याची मालमोटार घेऊन दिल्लीकडे निघालेल्या ड्रायव्हरला हाच प्रश्न विचारून पाहा. तो सांगेल की पहाटेच्या धुक्यात हीटर हा मोठा आधार. आणि त्यातल्या एखाद्याची तक्रारही ऐकू येईल : "गाडी पळते तोवर गरम हवा येते. नाक्यावर उभी राहिली, इंजिन नुसते हळू चालू राहिले, की गार हवा."

तक्रार लहान दिसते. पण तिच्या पोटात काय दडले आहे हे कळायला मोटारीचा थोडा इतिहास पाहावा लागतो.

बाळापूरला मोटारीचे महत्त्व जरा अधिकच. १८६७ मध्ये भुसावळहून लोहमार्ग नागपूरला पोचला. तो पारसवरून गेला आणि मन व म्हैस नद्यांच्या संगमावरचे हे जुने किल्ल्याचे गाव बाजूला राहिले. पुढे गावाची भिस्त सडकेवर आली. सुरत-कोलकाता महामार्ग, पूर्वीचा ६ क्रमांकाचा आणि आताचा ५३ क्रमांकाचा, गावाजवळूनच जातो.

आता मूळ गोष्ट. कार्ल बेंझ या जर्मन गृहस्थाने १८८६ मध्ये आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. तिच्या इंजिनाभोवती पाणी होते, ते उकळून वाफ होऊन उडून जाई. १८८८ मध्ये त्याची पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटर, त्या गाडीने गेली. वाटेत जिथे मिळेल तिथे पाणी घेत तिला पुढे जावे लागले. पाण्याची भर नाही तर गाडी नाही, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

तेच तेच पाणी पुन्हा वापरता यावे म्हणून रेडिएटर आला. १९०० च्या सुमारास विल्हेल्म मायबाख याने मर्सिडीज गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात आठ हजारांवर बारीक नळ्या होत्या. त्यांमधून वारा गेला की पाणी लवकर निवे.

पण हे पाणी फिरते कसे? आपल्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवा. मधे विस्तव, भोवती पाणी. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, गार पाणी खाली उतरते. १९०८ मध्ये आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीत, अगदी सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर, पाण्याला पंप नव्हताच; हे बंबाचे तत्त्वच पाणी फिरवी. शिक्षक बंधुभगिनींनी काचेच्या चंचुपात्रात पाणी घेऊन तळाशी पोटॅशियम परमँगनेटचे दोन कण टाकावेत आणि खालून एका बाजूस मंद आच द्यावी. जांभळी रेघ वर चढून दुसऱ्या बाजूने खाली येताना मुलांना दिसेल. पुढे इंजिने मोठी झाली, तेवढ्याने भागेना, म्हणून इंजिनावरच चालणारा पंप आला.

थंड देशांत प्रश्न उलटा होता. तिथे आधी लोक घोंगड्या पांघरून आणि पायाशी निखाऱ्याची पेटी ठेवून मोटारीत बसत. मग धुराच्या गरम नळीभोवतीची हवा आत घेण्याची युक्ती निघाली. पण नळीला भोक पडले की विषारी धूर आत येई. म्हणून १९३० च्या सुमारास निराळा मार्ग रूढ होऊ लागला : इंजिनाचे गरम पाणीच एका लहान रेडिएटरातून फिरवायचे आणि त्यावर पंखा लावायचा. १९३८ मध्ये अमेरिकेतल्या नॅश कंपनीने बाहेरची ताजी हवा घेऊन ती अशी तापवून आत सोडण्याची सोय केली. आजचा हीटर बहुतेक गाड्यांत याच जातीचा आहे.

म्हणजे काय झाले? हीटर स्वतः काही तापवीत नाही. तो इंजिनाची उसनी ऊब देतो आणि ती ऊब पाण्याच्या हाती पाठवलेली असते. पाणी पोचले नाही की ऊब नाही.

आता त्या ड्रायव्हरच्या तक्रारीकडे या. विहिरीवरचा पंप आपण सारे जाणतो. पाणी खाली गेले की पंप हवा ओढतो आणि धार तुटते. मोटारीतही तसेच. पाणी कमी झाले की हीटरच्या नळ्यांत हवा अडकते. गाडी पळताना पंप जोरात फिरतो आणि उरलेले पाणी रेटून पोचवतो. गाडी उभी राहिली की पंप मंदावतो, रेटा संपतो, हवा गार येते. तेव्हा आधी संशय पाण्यावरच घ्यावा. पाणी पुरेसे असेल तर पंपाची पाती झिजली आहेत का, हीटरच्या नळ्यांत गाळ बसला आहे का, थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे का, हे मिस्त्रीकडून क्रमाने पाहून घ्यावे.

इंजिन गरम असताना हीटरला जाणाऱ्या दोन्ही नळ्या, पंख्यापासून हात जपून, चाचपाव्यात. एक गरम नि एक गार असेल तर पाणी फिरत नाही. दोन्ही गरम असूनही हवा गार असेल तर दोष हवेच्या झडपेत.

पाण्याची पातळी मात्र इंजिन पुरते गार झाल्यावरच पाहावी. गरम रेडिएटरचे झाकण काढू नये. आतले पाणी दाबाखाली असते, उसळून तोंड-हात भाजते. नुसती भर घालूनही थांबू नये. पाणी गेले कुठे, ती गळती शोधावी.

इथेच खरी गोम आहे. पाणी फार उतरले की उष्णतेचा काटाही फसवतो. पाण्याबाहेर राहिलेल्या काट्याला इंजिन तापलेले कळत नाही. अशा वेळी गार पडलेला हीटर हीच पहिली हाक असते. ती न ऐकणाऱ्याचे इंजिन घाटात जाम होते, आणि कर्जाने घेतलेल्या गाडीचे इंजिन गेले म्हणजे घराचा संसारच अडतो.

आणखी दोन गोष्टी. हीटर बिघडला म्हणून बंद केबिनमध्ये शेगडी पेटवून झोपू नये, बंद गॅरेजात इंजिनही चालू ठेवू नये. त्या विषारी वायूला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस उठत नाही. दुसरे, रेडिएटरात घालायच्या ग्लायकॉलच्या द्रवाला गोडसर चव असते, पण तो विष आहे. तो लेकरांच्या आणि गुराढोरांच्या वाटेत सांडू देऊ नये.

बर्था बेंझने गाडीला पाणी पाजत प्रवास पुरा केला. आज ते पाणी झाकणाखाली गेले, म्हणून आपण त्याला विसरतो. हीटर गार पडला तर त्याला दोष देण्याआधी एकदा पाण्याची विचारपूस करा.