मिलिंद महाविद्यालय ग्रंथालय
औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथील महाविद्यालयीन ग्रंथालय. निजामी राजवटीत हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ (स्था. १९१८) उर्दू माध्यमाचे होते. सेनगावसारख्या गावांतील मराठी विद्यार्थ्यांना त्यामुळे उच्च शिक्षण दुर्लभ असे. अस्पृश्यांना तर ते जवळजवळ अप्राप्यच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने (१९४५) १९५० मध्ये येथे महाविद्यालय काढले. बाबासाहेबांच्या खाजगी संग्रहातील काही ग्रंथ पुढे या ग्रंथालयात आले. ज्यांच्या घरी पुस्तक हीच अपूर्वाई, अशा विद्यार्थ्यांच्या पिढीला ग्रंथांचा हा सहवास लाभला, हे संग्रहाच्या आकारापेक्षा अधिक महत्त्वाचे होय. दलित साहित्याच्या चळवळीला आधारभूत ठरलेल्या अस्मितादर्श या नियतकालिकाचे संपादक गंगाधर पानतावणे याच महाविद्यालयात प्राध्यापक होते.