उकिरडा, खड्डा आणि पिंप

परभणी जिल्ह्यातील कोणत्याही जुन्या गावाची ठेवण पाहिली, तर तीत पांढरी आणि काळी अशी दोन अंगे स्पष्ट दिसतात. ज्या उंचवट्यावर पिढ्यान्‌पिढ्या घरे बांधली गेली, ढासळली आणि पुन्हा उभी राहिली ती पांढरी, आणि तिच्या सभोवार गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेली कापसाची जमीन ती काळी. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे उकिरडा. गोठ्यातील शेण, जनावरांपुढची उष्टी वैरण, चुलीतली राख आणि अंगणातला केर वर्षभर तेथे कुजत पडे, आणि मृगापूर्वी गाड्या भरभरून शेतात जाई. ज्याच्या दावणीला जनावरे कमी, तो धनगराला धान्य देऊन आपल्या वावरात मेंढ्या बसवून घेई. मातीला खाऊ घालावयाचे ते घन स्वरूपात आणि गाडीच्या मापाने, हाच येथील कुणब्याचा मामूल होता.

द्रवरूप खताची कल्पना आपल्याकडे प्राचीन आहे हे खरे, परंतु ती नांदली राजांच्या उपवनांत. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेच्या वृक्षायुर्वेदाध्यायात शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या, तीळ, सातू आणि मांस पाण्यात सात रात्री ठेवून ते पाणी झाडांना घालावे, असे विधान केले आहे; सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात तर मांस, मेद आणि पेंड आंबवून केलेल्या कुणपजलाची सविस्तर कृती येते. ज्या कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता या मुलखावर होती, त्यांच्यापैकीच तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात मानसोल्लास रचला आणि त्यात उद्यानविद्येलाही स्थान दिले. शेण-गोमूत्र पाण्यात कालवून आज पिंपात जे द्रावण केले जाते, त्याचे मूळ थेट या ग्रंथांत शोधण्याची जी हौस हल्ली दिसते, ती मात्र मला फारशी पटत नाही. कारण सुरपालाची पोथी डॉ. यशवंत नेने यांना ऑक्सफर्डच्या ग्रंथालयातून मिळवावी लागली, नलिनी साधले यांनी तिचे भाषांतर केले आणि 1996 साली सिकंदराबादेहून ती प्रसिद्ध झाली. जी विद्या सातासमुद्रांपलीकडून परत आणावी लागली, ती गंगाखेड-पाथरीच्या शिवारात अखंड चालत आली होती असे कसे म्हणावे?

शिवारातला खरा प्रश्न वेगळाच होता. 1889 साली हिंदुस्थानात आलेल्या व्होएल्कर या रसायनशास्त्रज्ञाने 1893 च्या आपल्या अहवालात निर्वाळा दिला, की येथील रयत शेण जाळते ते अज्ञानाने नव्हे, तर तिला सरपण मिळत नाही म्हणून. परभणीसारख्या, जंगल जवळजवळ नसलेल्या जिल्ह्याला हे निदान पुरेपूर लागू पडते. शेणाच्या गोवऱ्या झाल्या आणि कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या पऱ्हाट्याही चुलीत गेल्या; म्हणजे काळीतून निघालेले पुन्हा काळीत पोचण्याचे दोन्ही मार्ग एकाच चुलीपाशी संपले.

नेमक्या याच पऱ्हाट्यांचे काय करावे, या विवंचनेतून इंदूरची प्रसिद्ध पद्धत जन्मली. होळकरांच्या राजधानीत 1924 साली स्थापन झालेल्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी कठीण पऱ्हाट्या रस्त्यावर टाकून गाड्यांखाली चिरडवून घेतल्या, त्या जनावरांखाली अंथरल्या, आणि मग 30 फूट लांब, 14 फूट रुंद व 2 फूट खोल खड्ड्यांत त्यांचे थर रचले. या थरांवर ते शेण, राख आणि गोमूत्राने भिजलेली गोठ्यातील माती पाण्यात कालवून शिंपडीत, आणि अर्धवट कुजलेल्या खड्ड्यातील बुरशीयुक्त खत विरजणासारखे त्यात मिसळीत. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई. 1931 साली दोघांच्या नावाने पुस्तक निघाले. जगाने हॉवर्डसाहेबांना डोक्यावर घेतले आणि वाड यांचे नाव मागे पडले. मला थरांवर शिंपडलेल्या त्या शेणकाल्याचे विशेष महत्त्व वाटते, कारण थोड्या शेणातील सूक्ष्मजीव पाण्याच्या द्वारे पुष्कळ काडीकचऱ्यावर पसरविण्याची युक्ती तेथे पद्धतशीरपणे वापरली गेली.

इकडे निजामाच्या अंमलात परभणीस 1918 सालीच प्रायोगिक क्षेत्र सुरू झाले होते आणि गावरानी कापसाच्या संशोधनासाठी ते नावाजलेही. पुढे 1956 साली कृषी महाविद्यालय आणि 1972 साली मराठवाडा कृषी विद्यापीठ येथे आले. तोवर युरियाच्या पोत्यांनी उकिरड्याची मातब्बरी कमी केली होती, आणि पुढे ट्रॅक्टर आल्यावर बैलही घटले. अशा वेळी अमरावतीकडील सुभाष पाळेकर यांनी 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती यांचे जीवामृत सांगितले. पिंप सावलीत ठेवावे, दिवसातून दोनदा काठीने ढवळावे आणि सुमारे 48 तासांनी एक एकराला द्यावे, अशी त्याची रीत. पाश्चात्त्य बागाईतदार कुजलेले खत पाण्यात भिजवून, त्यात पंपाने हवा सोडून ‘कंपोस्ट चहा’ करतात, तो याच जातीचा.

हिशेब केला तर ओल्या शेणात शेकडा अर्धा भागही नत्र नसतो. अर्थात 10 किलो शेणातून एकराला 50 ग्रॅमही मिळत नाही. तेव्हा या द्रावणाकडे अन्न म्हणून पाहणे व्यर्थ. त्याच्या कैवाऱ्यांचा दावाही सूक्ष्मजीवांच्या जोरावरच उभा आहे, आणि प्रयोगांची साक्ष त्याबाबत सर्वत्र एकमुखी नाही. पण जेथे पाचपंचवीस गाड्या खत उभे करणे दुरापास्त झाले, तेथे एका गाईच्या शेणात एकर भागवणारी कृती लोकप्रिय झाली, यात नवल ते काय? परभणीच्या विद्यापीठाचे ‘बायोमिक्स’ तर याच्याही पुढचे पाऊल आहे. उपयुक्त बुरशी आणि जिवाणू यांचे हे मिश्रण भुकटीच्या वा द्रवाच्या रूपात मिळते, हळदीच्या कंदकुजीवर आळवणीसाठी शेतकरी ते दूरदूरहून येऊन नेतात, आणि ते पाण्यात कालवण्यासाठी दावणीला जनावर असावेच लागते असेही नाही.