इंग्रजीच्या छात्राध्यापकांचे मूल्यमापन (महाराष्ट्र)

इंग्रजीच्या छात्राध्यापकांचे मूल्यमापन म्हणजे शाळेत इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्या प्रशिक्षणार्थ्यास पात्र ठरविण्यापूर्वी केली जाणारी पारख होय. महाराष्ट्रात ही पारख मुख्यतः दोन ठिकाणी होते: अध्यापक विद्यालयात किंवा शिक्षणशास्त्र महाविद्यालयात, आणि त्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षेत (टीईटी). उमेदवार वर्गात इंग्रजी कसे बोलतो हे मात्र यांपैकी केवळ पहिल्या ठिकाणीच, सराव पाठांच्या वेळी, प्रत्यक्ष ऐकले जाते.

पार्श्वभूमी

राज्यातील मराठी शाळांत इंग्रजी हा विषय पूर्वी पाचवीपासून शिकवला जाई. प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० सालच्या शैक्षणिक वर्षापासून, तो पहिलीपासून सुरू झाला. चौथीपर्यंतच वर्ग असलेल्या शाळांतील शिक्षकांवर तोवर इंग्रजी शिकवण्याची वेळच आली नव्हती. या निर्णयाने ते सर्व जण इंग्रजीचे शिक्षक ठरले. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील उरवड्यासारख्या गावांत प्राथमिक वर्गाला विषयवार शिक्षक सहसा नसतो. जो वर्गशिक्षक गणित आणि परिसर अभ्यास शिकवतो, तोच इंग्रजीही शिकवतो. त्यामुळे प्राथमिक स्तरावर ‘इंग्रजीचा शिक्षक’ असे वेगळे प्रमाणपत्र लागत नाही. डी.एल.एड. (पूर्वीची डी.एड.) ही पदविका सर्व विषयांसाठी असते.

सराव पाठ

माध्यमिक स्तरासाठी बी.एड. ही पदवी आवश्यक असून तीत इंग्रजी ही अध्यापन पद्धती निवडता येते. छात्राध्यापक प्रथम सूक्ष्म अध्यापनाचे पाठ घेतो. त्यात प्रश्न विचारणे, स्पष्टीकरण, फलकलेखन अशी एकेक कौशल्ये सुटी करून काही मिनिटांत दाखवायची असतात आणि विद्यार्थी म्हणून बहुधा सहाध्यायीच बसतात. पुढे सेतुपाठ व मग प्रत्यक्ष शाळेत पूर्ण तासिकेचे सराव पाठ होतात. प्रत्येक पाठाचे टाचण आधी मार्गदर्शकाकडून तपासून घ्यावे लागते. निरीक्षक वर्गाच्या मागील बाकावर बसून प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, साधनांचा वापर, मूल्यमापन व स्वाध्याय यांवर शेरे लिहितो.

इंग्रजीच्या पाठात आणखी एक कळीचा मुद्दा असतो, तो मराठीच्या वापराचा. भाषांतर पद्धतीत मराठीला मुक्त प्रवेश होता. थेट पद्धतीने ती वर्ज्य मानली. संप्रेषणात्मक पद्धती मुलांच्या बोलण्याला अधिक महत्त्व देते. निरीक्षक ज्या पद्धतीत वाढला, तिची छाया गुणांवर पडते. शिवाय निरीक्षणाचा पाठ हा पुष्कळदा आधी घोटलेला पाठ असतो. मुलांनी अनपेक्षित प्रश्न विचारला तर छात्राध्यापक इंग्रजीत काय उत्तर देईल, हे अशा पाठात क्वचितच कळते. आणि नेमकी तीच खरी कसोटी होय.

महाराष्ट्रातील अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेवरून झालेल्या न्यायालयीन वादातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल २०१२ मध्ये आला. त्यानंतर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ मध्ये नवे विनियम केले. एक वर्षाचा बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि शाळेतील छात्रसेवाकाल एकूण २० आठवड्यांचा ठरला. घोटलेल्या पाठापलीकडचे अध्यापन दिसण्यास यामुळे वाव मिळाला.

शिक्षक पात्रता परीक्षा

शिक्षण हक्क कायद्यान्वये पहिली ते आठवीच्या शिक्षकांना ही परीक्षा आवश्यक ठरली. महाराष्ट्रात राज्य परीक्षा परिषदेने ती प्रथम १५ डिसेंबर २०१३ रोजी घेतली. प्रत्येक पेपर १५० गुणांचा, बहुपर्यायी असून उत्तीर्ण होण्यास खुल्या प्रवर्गाला ६० टक्के गुण लागतात. मराठी माध्यमाच्या उमेदवाराला द्वितीय भाषा म्हणून इंग्रजीचे ३० प्रश्न असतात. सहावी ते आठवीसाठीच्या दुसऱ्या पेपरात गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे यांना ६० गुण आहेत. भाषेच्या शिक्षकाला यांपैकी एक गट घ्यावाच लागतो. परिणामी, केवळ इंग्रजी शिकवणाऱ्याच्या पात्रतेत इतिहास-भूगोलाचे वजन इंग्रजीच्या दुप्पट भरते! उच्चार, संभाषण, लेखन यांपैकी काहीही या परीक्षेत तपासले जात नाही.

तुलनेसाठी केंब्रिजच्या ‘सेल्टा’ या प्रमाणपत्राचे उदाहरण घेता येईल. त्यात किमान १२० तासांचे प्रशिक्षण, दोन वेगवेगळ्या स्तरांच्या वर्गांवर मिळून सहा तासांचे निरीक्षित अध्यापन आणि चार लेखी स्वाध्याय असतात. मूल्यमापनाची पडताळणी बाहेरचा परीक्षक करतो. तेथे लेखी अंतिम परीक्षा नाही. मात्र हे प्रमाणपत्र प्रौढांना शिकवण्यासाठी असून राज्यातील शाळांत ते बी.एड.ची जागा घेत नाही.

सेवेतील शिक्षक

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणाचा समावेश असलेल्या निकालात, कायद्यापूर्वी नियुक्त झालेल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक ठरवली. ज्यांच्या निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ उरला आहे, त्यांना उत्तीर्ण होण्यास दोन वर्षांची मुदत देण्यात आली. त्याहून कमी सेवा उरलेल्यांना सूट मिळाली, परंतु पदोन्नतीसाठी परीक्षा आवश्यकच राहिली. २००० साली पहिलीच्या वर्गापुढे इंग्रजीचे पुस्तक प्रथमच उघडणाऱ्या शिक्षकांपैकी जे अद्याप सेवेत आहेत, तेही या निकालाच्या कक्षेत येतात.