पॅरिसमध्ये रात्रीचे साडेअकरा

२९ नोव्हेंबर १९४७. हैदराबाद आणि दिल्ली यांच्यात 'जैसे थे' करार होतो. मुदत एक वर्ष. अंबड तालुक्यातली अंतरवाली सराटी तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे निजामाच्या राज्यात. (जालना जिल्हा व्हायला अजून ३३ वर्षं आहेत.) आज हे गाव निजामकाळातल्या कुणबी नोंदींसाठी झालेल्या मराठा आंदोलनामुळे महाराष्ट्रभर माहीत झालंय. ते राज्य बुडण्याआधीचे दिवस मात्र फारसे कुणाला आठवत नाहीत.

१९४८. निजाम मीर उस्मान अली खान अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्याकडे मध्यस्थी मागतो. ट्रूमन नकार देतात. दिल्लीच्या लेखी हा घरचा प्रश्न होता आणि एकाच बाजूने मागितलेली मध्यस्थी कुठे पोहोचत नाही. त्यात २४ जूनपासून रशियाने बर्लिनची नाकेबंदी केलेली. हैदराबादचा कागद वॉशिंग्टनच्या टेबलावर किती खाली असेल, याचा अंदाज पंतप्रधान लायक अली यांना यायला हवा होता. नकार हाच इशारा होता. तो वाचला गेला नाही. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानांनी शस्त्रं आणत राहिला आणि रझाकार या निमलष्करी संघटनेचे प्रमुख, लातूरचे वकील कासिम रझवी भाषणं करत राहिले. रझाकारांच्या भीतीने मराठवाड्यातली कुटुंबं सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात, नगर-सोलापुरात जाऊ लागली होती.

२१ ऑगस्ट, शनिवार. हैदराबाद सुरक्षा परिषदेला तार करतं. आधार संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेचं ३५ वं कलम: सभासद नसलेलं राष्ट्रही तंटा परिषदेपुढे नेऊ शकतं. पहिली अट, ते राष्ट्र असलं पाहिजे.

त्याच रात्री हैदराबाद शहरात 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांना रझाकार रस्त्यात गाठून मारतात. भारतात विलीन व्हावं असं ते लिहीत होते.

७ सप्टेंबर. नेहरू दिल्लीत जाहीर करतात: रझाकार बरखास्त करा, भारतीय फौज सिकंदराबादला परत येऊ द्या. निजाम मानत नाही.

११ सप्टेंबर, रात्री १० वाजून २० मिनिटं. कराचीत जिनांचं निधन. हैदराबादची एक आशा संपली. उरले २९ तास ४० मिनिटं.

१२ सप्टेंबर, रविवार. हैदराबादची दुसरी तार, तातडीची. परिषदेची बैठक पॅरिसमध्ये व्हायची आहे. तिथे जायला निघालेल्या शिष्टमंडळाचे प्रमुख नवाब मोईन नवाज जंग. इकडे दिल्लीत सरसेनापती जनरल रॉय बुचर यांना मोहीम पुढे ढकललेली हवी आहे. वल्लभभाई पटेल बधत नाहीत.

१३ सप्टेंबर, पहाटे ४. मेजर जनरल जयंतो नाथ चौधुरी यांच्या फौजा सोलापूरच्या बाजूने सरहद्द ओलांडतात. पॅरिसमध्ये अजून रविवारच आहे, रात्रीचे साडेअकरा. नळदुर्ग पहिल्याच दिवशी पडतो. हैदराबादची तिसरी तार जाते: आक्रमण झालं आहे.

१४ सप्टेंबर. मेजर जनरल ब्रार यांच्या सहा तुकड्या औरंगाबादवर येतात. दुपारी मुलकी अधिकारी बाहेर येऊन शहर हवाली करतात. जालन्याला मात्र शीख आणि जोधपूर पायदळाला, १८ कॅव्हलरीच्या रणगाड्यांना चिवट विरोध होतो.

१५ सप्टेंबर. जालना हातात येतं. शहर सांभाळायला ३/११ गुरखा पलटणीची एक कंपनी मागे राहते, बाकीची फौज लातूरकडे आणि तिथून मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला निघते. कंपनी म्हणजे शंभर-सव्वाशे जवान. लष्करी हिशेबाने निर्णय बरोबर होता. हैदराबाद लवकर पडलं नाही तर पॅरिसमध्ये प्रश्न पेटणार, म्हणून दौड महत्त्वाची. पण जालन्यापासून अंबड, आणि अंबडपासून गोदावरीपर्यंत पसरलेल्या गावांत निजामाचं राज्य संपलं होतं आणि नवं पोचलं नव्हतं. मधल्या दिवसांत गावात कुणाचा हुकूम चालणार, हे ठरवणारा कागद कुणी काढला असेल तर तो वेळेवर पोचला नाही. दीड वर्षाच्या रझाकारीचा हिशेब लोकांच्या मनात ताजा होता. तो ज्यांच्याकडून वसूल होणार होता, त्यातल्या बहुतेकांनी कधी रझाकारांचा गणवेश घातला नव्हता.

१६ सप्टेंबर, गुरुवार, पॅरिस. पाले द शायो. अध्यक्ष ब्रिटनचे सर अलेक्झांडर कॅडोगन. हैदराबादचा विषय पटावर घ्यायचा का, यावर मतदान: बाजूने ८, विरोधात ०, तटस्थ ३. तटस्थांत चीन, सोव्हिएत रशिया आणि युक्रेन. अमेरिकेचं मत बाजूने. भारताचे रामस्वामी मुदलियार म्हणतात, हैदराबाद राष्ट्रच नाही, तेव्हा परिषदेला अधिकार नाही. युद्धबंदीचा ठराव होत नाही. विषय ऐकून घेणं अमेरिकेला परवडत होतं; त्यासाठी दिल्लीशी वाकडं घेणं परवडत नव्हतं.

१७ सप्टेंबर, शुक्रवार. लायक अली मंत्रिमंडळाचा राजीनामा.

संध्याकाळी ५. निजाम युद्धबंदी जाहीर करतो. पहिली गाडी सरहद्द ओलांडून १०९ तास झालेत. पॅरिसमध्ये दुपारचे साडेबारा. त्याच दिवशी जेरुसलेममध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचे मध्यस्थ काउंट बर्नाडोट यांची हत्या होते. हैदराबाद आणखी खाली सरकतं.

१८ सप्टेंबर, दुपारी ४. हैदराबादचे सेनापती जनरल एल एद्रूस चौधुरींपुढे शरण येतात. मराठवाडा मुक्त. ही मुक्ती खरी होती आणि लोकांनी ती रस्त्यावर येऊन साजरी केली. गावोगावच्या कत्तली या वेळी सुरू झालेल्या होत्या.

२२ सप्टेंबर. निजामाची परिषदेला तार: तक्रार मागे. परिषदेपुढे आता हैदराबाद राष्ट्र आहे की नाही हा प्रश्न राहतो, हैदराबादेत काय चाललंय हा नाही. मधल्या आठवड्यांत मराठवाड्यात काय घडत होतं, त्याची तार कुणी केली नाही.

२९ नोव्हेंबर. 'जैसे थे' करार झाला त्याला आज बरोबर एक वर्ष. नेहरूंनी पाठवलेली पंडित सुंदरलाल यांची समिती दौरा सुरू करते. तो २१ डिसेंबरला संपतो. १६ पैकी ९ जिल्हे पाहून झाल्यावर तिचा अंदाज: 'पोलीस ॲक्शन' म्हटल्या गेलेल्या या मोहिमेच्या काळात आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं गेली, बहुतेक मुसलमान. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड या चार जिल्ह्यांत किमान १८ हजार. दुसऱ्या चारांत, म्हणजे औरंगाबाद, बीड, नळगोंडा, मेदक मिळून, किमान ५ हजार. अंबड तालुका या दुसऱ्या आकड्यात येतो. गाववार यादी अहवालात नाही. अहवाल सरकारने छापला नाही.

मे १९४९. सुरक्षा परिषद हैदराबादचा विषय शेवटचा ऐकते. ठराव होत नाही.