दारफळणीचा सण

पनवेल आज नवी मुंबईच्या पसाऱ्यांत जवळजवळ मिसळून गेलें आहे. पण १८४९ सालीं बांधलेलें तेथील बेथ एल सिनेगॉग अद्याप उभें आहे. कोंकणांत तेल गाळण्याचा धंदा करून व शनिवारीं घाणा बंद ठेवून ज्यांनीं 'शनवार तेली' हें नांव मिळविलें, त्या बेने इस्रायल समाजाचें हें प्रार्थनामंदिर. जगांतील यहुदी ज्याला योम किप्पुर म्हणतात, त्या उपवासाच्या व पश्चात्तापाच्या दिवसाला या समाजानें आपल्या मराठींत 'दारफळणीचा सण' म्हटलें. म्हणजे दारें लावून घेण्याचा सण.

दार लावलें कीं देवाशीं हिशेब मिटला, असें कोणास वाटेल. परंतु इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नेंत यहुदी आचार्यांनीं ही पळवाट बंद केली आहे. देवाचा अपराध या दिवशीं फिटेल. शेजाऱ्याचा अपराध मात्र त्याची समजूत घातल्यावांचून फिटणार नाहीं. तेव्हां आपलें दार लावण्यापूर्वीं दुसऱ्याच्या दारीं जाणें आलें.

पण अपराध घडला कीं नाहीं, हेंच ठाऊक नसेल तर? इ. स. ७० त यरुशलेमचें मंदिर नष्ट होईपर्यंत अशा संशयग्रस्तासाठीं निराळा दोषबली सांगितलेला होता. मंदिर गेलें, संशय उरला. बाराव्या शतकांत मायमोनिडीझनें शिकविलें कीं, मनुष्यानें सदैव स्वतःस अर्धा दोषी व अर्धा निर्दोष मानावें. पुढील एकाच कृत्यानें पारडें झुकावयाचें असतें.

हा संशय स्वतःकडे वळला तर विवेक होतो, दुसऱ्याकडे वळला तर छळ होतो, असें आम्हांस वाटतें. बेने इस्रायलांनींच मिश्र विवाहाच्या कारणावरून आपल्यांत 'गोरे' व 'काळे' असा भेद केला आणि काळ्यांशीं सोयरीक टाळली. पुढें इस्रायल देशांत गेल्यावर तेंच त्यांच्या वाट्यास आलें. १९६२ त तेथील प्रमुख धर्मपीठानें त्यांच्या विवाहापूर्वीं वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. समाजानें निकरानें निषेध केला. १९६४ त क्नेसेटनें ते सर्व बाबतींत यहुदीच आहेत असें जाहीर केल्यावर आदेशांतून त्यांचें नांव वगळलें गेलें.

दुसऱ्याच्या कुळाविषयीं शंका काढणें सोपें असतें. आपल्या हातून काय घडलें हें विचारणें कठीण. हा दोष केवळ यहुद्यांचा आहे असें म्हणण्याचें धाडस, जातिभेदांत वाढलेल्या आम्हीं तरी करूं नये. समुएल इझिकेल दिवेकर यांनीं १७९६ त मुंबईंत पहिलें सिनेगॉग बांधविलें. त्याच्या 'शाआर हारहमीम' या नांवाचा अर्थ दयेचें दार असा आहे. दारफळणीला जें दार लावावयाचें, तें हें नव्हे.