कुलाब्याची 'सुहेली' आणि हौशी नौकांचा बाजार

१/ २२ एप्रिल १९६९. इंग्लंडच्या फाल्मथ बंदरात ३२ फुटांची एक शिडाची नौका शिरली. आत एकच माणूस होता, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. ३१२ दिवस कोणत्याही बंदराला न लागता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारा तो पहिला मनुष्य. नौकेचे नाव 'सुहेली'. ती बांधली गेली होती मुंबईत, कुलाब्याला.

२/ आज हौशी नौकांचा उद्योग अमेरिका, फ्रान्स, इटली येथे लाखो लोकांना रोजगार देतो. ज्या मुंबईने 'सुहेली' घडवली तिचे त्यात नावही निघत नाही. असे का झाले? समुद्रापासून इतक्या दूर, सावद्यात बसून हा प्रश्न विचारणे काहींना विचित्र वाटेल. पण या कथेचा एक धागा आपल्या तापीच्या मुखाशीच बांधलेला आहे.

३/ मुलताईला उगम पावलेली तापी ७२४ किलोमीटर वाहत, सावद्याच्या दक्षिणेकडून पुढे जात, सुरतेपाशी समुद्राला मिळते. तिच्या वरच्या प्रवाहात मालाची नौका चालत नाही. कोठे खडक, तर उन्हाळ्यात पाणीच उथळ. म्हणून बऱ्हाणपूरचे कापड बैलांच्या जिवावर खानदेश ओलांडून सुरतेला जाई. आपल्याकडे होडी ठाऊक होती ती पैलतीर गाठण्यापुरती. होडी हौसेची असू शकते ही कल्पना येथे रुजण्याचे कारणच नव्हते.

४/ सुरतेत मात्र समुद्रावर जाणारी जहाजे बांधली जात. तेथील कसबी जहाजबांधणीकार लवजी नसरवानजी वाडिया यांना ईस्ट इंडिया कंपनीने १७३६ मध्ये मुंबईस आणले. पुढे शतकाहून अधिक काळ त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजे बांधली. त्यांतील १८१७ चे 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे.

५/ आता हौशी नौकेचा उगम पाहू. 'यॉट' हा शब्द मुळात डच. १६६० मध्ये अॅमस्टरडॅम शहराने इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यास 'मेरी' नावाची यॉट भेट दिली. पुढच्याच वर्षी विवाहाच्या करारात पोर्तुगालकडून त्याला मुंबई मिळाली. त्याच १६६१ साली राजाने आपल्या भावाशी यॉटची शर्यत लावली. पैज १०० पौंडांची. आणि १६६८ मध्ये त्याने मुंबई कंपनीला भाड्याने दिली, ती वर्षाला १० पौंडांवर!

६/ पुढची दोन-अडीच शतके हा छंद राजे, सरदार आणि कारखानदार यांचाच राहिला. नौका मोठी, तिच्यावर पगारी खलाशी, आणि मालक पाहुण्यासारखा. मुंबईतही १८४६ मध्ये यॉट क्लब स्थापन झाला, १८७६ मध्ये त्याला 'रॉयल' हे बिरुद मिळाले. ब्रिटिश अमदानीत त्याचे सभासदत्व युरोपीयांपुरते राखीव होते. जहाज बांधणारे हात येथले होते. पण विहाराला निघणाऱ्यांत त्यांना जागा नव्हती.

७/ हा छंद उद्योग कधी झाला? जेव्हा तो पगारदार माणसाच्या आवाक्यात आला तेव्हा. त्याची पहिली पायरी इंजिनाची. नॉर्वेहून अमेरिकेत आलेल्या ओले एव्हिनरूडने १९०९ मध्ये नौकेच्या मागे बाहेरून टांगायचे इंजिन विक्रीस आणले. साधी वल्ह्याची होडी आता खलाशाशिवाय तळ्यात फिरू लागली. रविवारी टांगावे, संध्याकाळी काढून घरी न्यावे.

८/ दुसरी पायरी काचतंतूची, म्हणजे फायबरग्लासची. लाकडी नौका एकेक फळी तासून, वाकवून, जोडून होते. ती घडायला महिने लागतात, आणि पुढे दरवर्षी खरवडणे, रंगवणे, फटी बुजवणे चुकत नाही. काचतंतूच्या नौकेचे तसे नाही. एकदा साचा केला की त्यातून एकसारखे सांगाडे निघतात. साच्याचा खर्च मोठा. पण तो शंभर नौकांवर वाटला गेला की प्रत्येकीची किंमत उतरते.

९/ १९५९ च्या न्यूयॉर्क प्रदर्शनात पिअर्सन बंधूंनी २८ फुटांची 'ट्रायटन' मांडली. किंमत १०,००० डॉलरच्या आत. तिला मिळालेल्या मागणीने लाकडी नौकांच्या धंद्याची घटका भरत आल्याचे स्पष्ट झाले. कसबी सुताराची जागा आता साचा आणि थोड्या शिकवणीने तयार होणारा कामगार घेऊ लागला.

१०/ तिसरी पायरी ब्रिटनची. १९६३ मध्ये 'डेली मिरर' या वृत्तपत्राच्या पुढाकाराने प्लायवूडच्या सुट्या भागांची एक होडी बाजारात आली. घरच्या घरी तारेने शिवायची, सांध्यांवर चिकट लेप द्यायचा, लाल शीड चढवायचे. किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. अशा सुमारे ७०,००० होड्या बांधल्या गेल्या. तिचा प्रकार 'डिंगी', आणि हा शब्द इंग्रजीत गेला तो हिंदुस्थानी भाषांतूनच.

११/ फ्रान्समधील बेनेतो घराणे १८८४ पासून मच्छीमारांच्या नौका बांधत होते. मासेमारीचा धंदा मंदावला, तेव्हा १९६४ च्या सुमारास त्यांनी हौशी नौकांकडे मोहरा वळवला. आज जगातील मोठ्या उत्पादकांत त्यांची गणना होते. पोटाची नौका बांधणारे हात हौसेच्या नौकेकडे वळू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. १९६४ हे साल लक्षात ठेवावे.

१२/ कारण त्याच सुमारास कुलाब्याला 'सुहेली' घडत होती. नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीतील तरुण अधिकारी. त्याने इंग्लंडहून एका नौकेचे नकाशे मागवले. आले भलतेच, जुन्या धाटणीच्या नौकेचे, जिचे मूळ नॉर्वेच्या जीवरक्षक नौकांत होते. पण मुंबईत साग मिळत होता आणि सुतारही. मग त्याच नकाशांवर काम सुरू झाले.

१३/ त्या सुतारांची हत्यारे वाडियांच्या काळापासून फारशी बदललेली नव्हती: वाकस, आणि दोरीने फिरवायचा सामता. पिअर्सन यांच्या कारखान्यात साच्यांतून नौका निघत होत्या, त्या वर्षांत कुलाब्यात एकेक छिद्र हाताने पडत होते. डिसेंबर १९६४ मध्ये नौका पाण्यात उतरली. आखातातील अरब खलाशी तेथील आग्नेय वाऱ्याला ज्या नावाने ओळखतात, ते 'सुहेली' हे नाव तिला मिळाले.

१४/ १९६५ मध्ये तिने मुंबई सोडली आणि दक्षिण आफ्रिकेवरून ती इंग्लंडला पोहोचली. १४ जून १९६८ रोजी ती 'संडे टाइम्स'च्या शर्यतीत उतरली. एकूण नऊ जण निघाले. प्रदक्षिणा पूर्ण करून परतला तो हा एकटाच. 'सुहेली' वेगवान नव्हती आणि निर्दोषही नव्हती. आरंभीच तळाच्या सांध्यातून पाणी झिरपू लागले, तेव्हा त्याने समुद्रात बुड्या मारून ती फट कापसाने बुजवली. पण नौका तुटली नाही. सागाने आणि सुतारांनी शब्द पाळला.

१५/ मग मुंबईकडे मागणीचा ओघ का लागला नाही? एक तर जगाचा बाजार साच्याकडे वळला होता. दुसरे, घरचे गिऱ्हाईकच नव्हते. ज्या देशात स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे, तेथे हौसेची नौका कोण घेणार? परदेशी इंजिन आणि सामान यांवर आयातीचे निर्बंध. लहान नौकांना सुरक्षित धक्के नाहीत, आणि पावसाळ्याचे चार महिने नौका काठावर ओढून ठेवायच्या. कसब होते, त्याला पोसणारा बाजार नव्हता.

१६/ बाजार असला तरी तो नाजूक असतो. अमेरिकेने १९९० मध्ये चैनीच्या वस्तूंवर कर बसवला. १९९१ पासून, १ लाख डॉलरहून महाग नौकेच्या वरच्या रकमेवर १० टक्के. हेतू सरळ होता: धनिकांनी थोडा अधिक भार उचलावा. पण धनिकांनी खरेदी पुढे ढकलली, जुनी नौका घेतली किंवा तो पैसा दुसरीकडे उडवला. त्यांचे काही अडले नाही.

१७/ अडले ते कारखान्यांतील सुतार, रंगारी आणि यंत्रकामगार यांचे. हजारोंचे काम गेले. त्या वेळी मंदीही होती, त्यामुळे सारा दोष कराला देता येत नाही. तरी ऑगस्ट १९९३ मध्ये नौकांवरील तो कर रद्द करावा लागला. सावद्याच्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. रेल्वेचा वॅगन वेळेवर मिळाला नाही, तर दिल्लीचा ग्राहक केळीऐवजी दुसरे फळ खातो. नुकसान होते बागवाल्याचे आणि घड कापणाऱ्या मजुराचे.

१८/ हौसेच्या वस्तूचा स्वभावच असा. हात आखडला की सर्वांत आधी तिच्यावर काट मारली जाते. २००८ च्या आर्थिक संकटानंतर, २००९ मध्ये, 'जेनमार' ही अमेरिकेतील बलाढ्य नौका कंपनी दिवाळखोरीत गेली. उलट २०२० च्या साथीत, विमान आणि हॉटेले बंद असताना, लोक पाण्याकडे वळले. अमेरिकेत त्या एका वर्षात ३ लाखांहून अधिक नव्या इंजिननौका खपल्या. पुढे व्याजदर चढले, आणि तयार नौका विक्रेत्यांच्या अंगणात साचू लागल्या.

१९/ आपल्याकडे काय? २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा यॉट आणि करमणूक वा क्रीडेच्या नौकांवर २८ टक्के कर व ३ टक्के उपकर लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ४० टक्के आहे. अब्जाधीशाची यॉट आणि शर्यतीच्या सरावाची लहान शिडाची होडी एकाच वर्गात. चैनीवर कर असावा याविषयी वाद नाही. पण चैन कोठे संपते आणि कसब कोठे सुरू होते, ही रेघ कोणी ओढायची?

२०/ कसब संपलेले नाही, याचा पुरावा गोव्यात आहे. दिवाडी बेटावरील रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात नौदलासाठी 'म्हादेई' बांधली गेली. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी तीच प्रदक्षिणा न थांबता केली. तेथेच बांधलेल्या 'तारिणी'तून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी जग फिरून आल्या. टॉमींसाठी 'सुहेली'च्या धर्तीवरची 'तुरीया'ही तेथेच बांधली गेली.

२१/ मात्र ध्यानात घ्यावे की 'म्हादेई' आणि 'तारिणी' यांचा ग्राहक नौदल होता, रविवारी कुटुंबाला घेऊन पाण्यावर निघणारा हौशी माणूस नव्हे. सरकारच्या मागणीवर उत्तम नौका बांधता येते. पण उद्योग उभा राहतो तो त्या ६३ पौंडांच्या होडीसारख्या स्वस्त नौकेवर, आणि ती घेणाऱ्या हजारो सामान्य घरांवर.

२२/ स्वस्ताईची किंमतही कोणी तरी मोजतेच. काचतंतूचा सांगाडा कुजत नाही. साठ-सत्तरच्या दशकांत साच्यांतून निघालेल्या नौका आज युरोप-अमेरिकेच्या खाड्यांत बेवारस पडल्या आहेत. फ्रान्सने २०१९ पासून त्या मोडीत काढण्याची व्यवस्था उभारली, आणि तिच्या खर्चाचा वाटा नव्या नौकांच्या विक्रीतून घेतला जातो. जे वर्षानुवर्षे टिकते म्हणून विकत घेतले, तेच आता नको तितके टिकते आहे.

२३/ आणि 'सुहेली'? १९९७ मध्ये तिला ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात मानाने ठेवण्यात आले. तेथील कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्या. सांधे उघडे पडून ती मरेल, या भीतीने २००२ मध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिला बाहेर काढले आणि पुन्हा पाण्यात घातले. लाकडी नौका वापरात राहिली तरच जगते. कसबाचेही तसेच आहे.

२४/ ज्या सुतारांनी ती घडवली त्यांची नावे या कथेत कोठेही ठळकपणे येत नाहीत. तापीच्या मुखाशी सुरू झालेल्या विद्येचे ते वारस होते. आपल्याकडे आता हतनूरचे धरण आहे. तापी-पूर्णेच्या संगमापाशी बारमाही पाणी आहे. तेथे एखाद्या पोराने शीड बांधायला शिकावे, आणि त्याची होडी आपल्याच कोणा सुताराने बांधावी, एवढी साधी गोष्ट घडली तर तिला चैन म्हणायचे की रोजगार? त्याचे उत्तर कराच्या तक्त्यात मिळणार नाही. ते आपणच ठरवायचे आहे.